शिंगाडे हिरवेच हायेत

मुलांचं वसतिगृह, खोली नंबर नऊ,
गडचिरोली
बुधवार, १२ डिसेंबर २००१

तीर्थस्वरूप रामाजी मामाले इस्तारीचा पाया पडून नमस्कार, अन् कमळामामीले तेवढाच.

मामा, तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तो तुमाले बसू देत नाई अन् बसले तं उठू देत नाई, हे मले माहीत आहे. मामीचा दमा उसळला असंल. तिले पहाटे पहाटे अंगण सारवू देऊ नका. एक दिवस नाई सारवलं तं काही वाघ घरात येत नाई (तुमच्या गावात येतेबी म्हणा, पण तो अंगण पाहून येत नाई). लाल कोंबडा अजून आहे की दिवाळीच्या पाव्हण्यानं खाल्ला? धान बांधून झालं काय? मी इकडं मजेत आहे. (मजेत नाई. पण पत्राच्या सुरुवातीले तसं लिहावं लागते म्हणून लिहिलं, पुढं सगळं येतेच.) हे पत्र शुद्ध भाषेत लिहायचा माझा बेत होता, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले आहो म्हणून. पण राग आला की मले शुद्ध येत नाई, अन् राग तं सोमवारपासून उतरून नाई राह्यला. तवा जसं आलं तसं वाचा.

काल आमच्या रेक्टरसाहेबानं तुमच्या नावानं एक रजिस्टर पत्र टाकलं आहे. टाकायच्या आधी मले उभं करून वाचून दाखवलं. त्यात 'संशयास्पद', 'सांकेतिक' अन् 'पालक' असे तीन शब्द आहेत, तिन्हीच्या खाली लाल रेघ. पालक म्हणजे तुमी. प्रवेशाच्या दिवशी बाबा तलावात होते, मासोळीचा दिवस होता, म्हणून फॉर्मवर सही तुमी केली, अन् तवापासून कागदावर तुमीच माझे बाप आहा. म्हणून हे पत्र मी पोस्टात न टाकता आरमोरी गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो, साहेबाच्या आधी माझं पोचलं पायजे. त्यात लिहिलं आहे की येत्या सोमवारपर्यंत पालकाच्या सहीनं माफीनामा दिला नाई तं माझी होस्टेलची जागा जाईल. होस्टेल गेलं की कॉलेज गेलंच समजा, कारण आमच्या तलावाच्या गावाहून दिवसाची एकच गाडी निघते अन् ती कॉलेज सुटल्यावर इथी पोचते. तरीबी आधीच सांगून ठेवतो, मी माफी मागणार नाई. आता काऊन नाई मागणार ते ऐका, अन् ऐकताना मधात 'चुकलंच पोराचं' म्हणू नका.

तुमाले होस्टेल माहीत नाई. इथी पस्तीस पोट्टे आहेत, कोणी धानोऱ्याकडचा, कोणी वरोऱ्याचा, कोणी पार सिरोंच्याचा जो झोपेत तेलुगू बोलते. पस्तीस गावचे पोट्टे एका नळावर दात घासायले लागले की त्यांची एक भाषा होऊनच जाते, ती कोणी बसून केली नाई. आमची मेसची दाळ म्हणजे 'वैनगंगा', कारण तिचा तळ दिसते. रविवारी पत्रूभाऊ (आमचा आचारी, देवमाणूस, पण दाळीच्या बाबतीत नाई) जरा घट्ट करते तवा आमी म्हणतो 'गाळ आला'. रेक्टरसाहेबाचं नाव 'पाटबंधारे', कारण नळाची चावी त्यांच्या जानव्याले बांधली आहे अन् सकाळी अर्धा घंटाच पाणी सुटते. परीक्षेत काही येत नसलं अन् पोट्टा नुसता खिडकीतून पाहत बसला तं तो 'जागली करते', म्हणजे शेतात जसं माळ्यावर बसून रानडुकराची वाट पाहतात तसं. असे शंभरेक शब्द असतील. ह्यात कोणाचं काही गेलं काय? पण साहेब मागच्या जूनमध्येच बदलून आले, अन् त्यांचा जीव मोठा भित्रा आहे. पेन्शनले दोन वर्षं राह्यली, अन् त्यांना गडचिरोलीचं नाव ऐकूनच बायकोनं गंडा बांधून पाठवलं (हे पत्रूभाऊनं सांगितलं, त्यानं गंडा पाह्यला आहे). त्यांच्या मनात असं बसलं की ह्या जिल्ह्यात पोट्टे आपसात न समजणारं बोलले की मागं काहीतरी असलंच पायजे, अन् उद्या वरून कोणी विचारलं तं 'मला माहीत नव्हते' म्हणून चालणार नाई. मग त्यांनी दोनशे पानी वही आणली. वर लिहिलं, 'सांकेतिक शब्दांची नोंदवही', आत दोन रकाने, शब्द अन् अर्थ.

आता मामा, तुमीच सांगा, कोणी वही घेऊन तुमच्या मागं मागं फिरला तं तुमी गप बसान काय? (तुमी बसान. पण मी अमरबद्दल सांगून राह्यलो.) अमर म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, वरोऱ्याचा, बाप कापूस पिकवते अन् पोरगा थापा पिकवते. तो रोज सकाळी नळावर, साहेब ऐकतील असा, एक नवाच शब्द सोडे. एक दिवस म्हणे 'आज माझी चुलत सासू उन्हात आहे'. साहेबानं लगेच वहीत घेतलं, दिवसभर अर्थ विचारत फिरले, अन् शेवटी पत्रूभाऊनं दया येऊन सांगितलं की त्याचा अर्थ 'पोट बिघडलं' असा होते. तोबी खोटाच. पण झालं काय, महिनाभरात खरे शब्द कोणते अन् खोटे कोणते हे आमचंच आमाले समजेनासं झालं. एकदा तं सिरोंच्याच्या पोट्ट्यानं साहेबाले जाऊन विचारलं की सर, जरा वही पाहून सांगता काय, कालपासून मले सगळे 'बिनचाकाचा' म्हणून राह्यले त्याचा अर्थ काय. साहेबानं पान उलटून सांगितलं. अन् दसऱ्यानंतरच्या रविवारी साहेब आमच्या पंगतीत जेवायले बसले, वाटीत बोट घालून पाह्यलं, अन् कोणाकडं न पाहता म्हणाले, 'आज गाळ आला आहे.' पोट्ट्याईचा घासच थांबला. मले त्या दिवशी तो माणूस आवडला होता, खोटं काऊन बोलू.

पण एक गोष्ट आमच्यात खेळाची नव्हती. ती मी आणली होती, आपल्या तलावावरून. तुमाले तं माहीतच आहे, पण पत्र आहे म्हणून लिहितो. आपल्या ढिवराईत कोणी गाव सोडून निघाला तं तो 'जातो' म्हणत नाई. तलावाच्या पाळीवर थांबते अन् पाण्यातल्या माणसाले विचारते, 'शिंगाडे झाले काय?' अन् पाण्यातला माणूस म्हणते, 'नाई, हिरवेच हायेत.' मग तो निघते. म्हणजे तोडणी बाकी आहे, तुझं काम इथी राह्यलं आहे, वापस ये. हे वैशाखातबी म्हणतात, जवा तलावाले भेगा पडल्या असतात अन् शिंगाड्याचा वेल तं सोडा, बेडूकबी गाव बदलून गेलेला असते. तरी माणूस त्या भेगेत उभा राहून म्हणते की हिरवेच हायेत. अन् ज्याचं खरंच संपलं, जो आता इथी राहायले येणार नाई, त्यालेच एकदा 'झाले' म्हणतात. मी पहिल्यांदा होस्टेलले आलो तवा बाबा मले सोडायले गाडीपर्यंत आले नव्हते, डोंग्यातूनच म्हणले होते हिरवेच हायेत. तेवढ्यावर मी पहिले सहा महिने काढले, मामा. ती वैनगंगा पिऊन.

ते मी एकदा फाटकावर सहज म्हणलं अन् होस्टेलले लागून गेलं. सुट्टीवर निघालेला पोट्टा फाटकात थांबून विचारे, शिंगाडे झाले काय, अन् जे कोणी अंगणात असतील ते सगळे, तोंडात ब्रश असला तरी, म्हणत हिरवेच हायेत. वरोऱ्याच्या अमरनं जन्मात शिंगाड्याचा वेल पाह्यला नव्हता, तो समजे शिंगाडे झाडाले लागतात. तरी तो सगळ्यात जोरानं म्हणे. अन् मागच्या वर्षी शेवटच्या वर्षाचे आठ पोट्टे पेट्या घेऊन निघाले तवा आमी त्यांना 'झाले' म्हणलं. त्यातला एक, सहा फुटाचा, कबड्डीत हात मोडला तरी हूं का चूं न करणारा, फाटकाले धरून रडला. ही गोष्ट अमरच्या चुलत सासूसारखी नव्हती हे तुमाले समजलं असंल.

साहेबानं ते वहीत घेतलं अन् त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मले बोलावून विचारलं, "हिरवे म्हणजे कोण?" मी म्हणलं, सर, शिंगाडे. म्हणाले, "शिंगाडे म्हणजे कोण?" मी म्हणलं, सर, फळ आहे, पाण्यात होते, उपासाले चालते. त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थी अर्थ सांगण्यास टाळाटाळ करतो.' अन् दिवाळीची सुट्टी संपून आमी आलो तं फाटकावर नोटीस. सुट्टीवर जाणाऱ्या विद्यार्थ्याने फाटकावर स्पष्ट शब्दांत 'मी जातो' असे म्हणावे, रजिस्टरात तसेच लिहावे, व इतरांनी कोणताही प्रतिसाद देऊ नये. प्रतिसाद देणाऱ्याची जागा रद्द करण्यात येईल.

आता लालसूबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. लालसू धानोऱ्याच्याबी पुढचा, जंगलातला, गोंड. वर्गात पहिला, बोलण्यात शेवटचा. त्याच्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच पोरगा आहे. त्याचा बाप नाई, माय एकटी. तेवीस नोव्हेंबरले तो चार दिवसांची रजा घेऊन धानाच्या कामासाठी निघाला. साहेब स्वतः फाटकावर उभे. लालसूनं सवयीनं मान वळवून विचारलं, शिंगाडे झाले काय. साहेब म्हणाले, असे नाही, नीट बोल. त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, 'मी जातो, सर.' आपल्याकडं तो शब्द माणूस कवा काढते ते तुमाले माहीत आहे. लालसूनं तीनदा काढला, रजिस्टरात लिहिला, अन् अंगणाकडं पाह्यलं. अंगणात आमी चौतीस जण होतो. कोणी काही बोललं नाई. अमर नाई बोलला, अन् मीबी नाई बोललो, ज्यानं ही गोष्ट आणली. मी बादलीत पाहत उभा होतो. जागा जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काही नाई. मामा, मले त्याची लाज वाटली, अन् अजूनबी वाटून राह्यली.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचे बारा. लालसू आला नाई. पंधरा दिवस गैरहजर राह्यला की होस्टेलातून नाव कटते, अन् त्याच्या खाटेसाठी एक पोट्टा वऱ्हांड्यात गादी घेऊन आधीच येऊन बसला होता (गरीबच होता बिचारा, त्याले मी काही म्हणलं नाई, फक्त त्याची गादी उचलून मोरीजवळ ठेवली). सोमवारी सकाळी नाव कटणार होतं. मी शनिवारी सकाळी उठलो, रजा मागितली नाई, कारण मिळाली नसती. सरळ फाटकावर गेलो अन् रजिस्टर उघडलं. 'मी जातो' लिहायच्या रकान्यात मी लिहिलं, 'मी येतो.' खाली सही केली, वेळ टाकली, अन् निघालो. चौकीदारानं वाचलं, पण तो इकडचाच, चामोर्शीचा आहे, त्याले त्यात काही चूक दिसली नाई.

धानोऱ्याची गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली. सगळ्याईनं ढकलली, मी कोणाचं तरी पोतं धरून आतच बसलो होतो तं एक म्हातारी म्हणे कॉलेजचा आहेस ना, मग आधी उतर. पुढं धानोऱ्याहून चौदा किलोमीटर, त्यातले पाच एका तांदळाच्या मेटाडोरवर अन् बाकीचे पायानं. चप्पल तुटली. लालसूचं गाव कोणतं हे विचारावं तं प्रत्येक माणूस आधी माझं गाव विचारे, मग बापाचं नाव, मग आडनाव, अन् मग म्हणे मले माहीत नाई. पोचलो तवा ऊन उतरलं होतं अन् लालसू खळ्यावर बैलामागं फिरत होता, धानाचा चुरणा चालू होता. मले पाहून त्यानं बैल थांबवले. मी म्हणलं, "अबे, तू येऊन काऊन नाई राह्यला? परवा नाव कटते." त्यानं बैलाच्या पाठीवरचं तणस काढलं, मग म्हणला, "कोणी काही बोललंच नाई ना. मले वाटलं झालं माझं. मायबी म्हणते झालं तं झालं, इथी हात पायजेच आहे." मी समजलो होतो काही तरी मोठं कारण असंल, ताप असंल, कर्ज असंल. काही नव्हतं. हुशार पोरगा, वर्गात पहिला, अन् चौतीस माणसं तोंड शिवून उभी राह्यली एवढ्यासाठी बैलामागं फिरत होता. मी त्याले शिव्या घातल्या, त्यातल्या दोन मामीनं ऐकल्या तं मले घरात घेणार नाई. मग म्हणलं, विचार. तो म्हणे काय विचारू. मी म्हणलं, विचार बे, चौदा किलोमीटर आलो. तवा त्या खळ्यात उभं राहून त्यानं हळू आवाजात विचारलं, शिंगाडे झाले काय. अन् मी माझ्या फाटक्या गळ्यानं, बैल दचकले एवढ्या जोरानं म्हणलं की नाई, हिरवेच हायेत. लालसू हसला. त्याच्या मायले शिंगाड्याचं काही समजलं नाई, पण ती उठून त्याची पिशवी भरायले लागली, अन् मले तिनं ताटभर भात वाढला, वर कोंबडीचा रस्सा. तेवढा रस्सा मी होस्टेलात वर्षभरात पाह्यला नाई. राह्यलेला चुरणा तिचा भाऊ पाहणार होता.

रविवारी दुपारी आमी दोघं वापस आलो. लालसूची खाट वाचली. सोमवारी मले ऑफिसात बोलावलं. टेबलावर नोंदवही, शेजारी ते रजिस्टर, त्यात 'मी येतो' वर लाल गोल. साहेब म्हणाले, "विनापरवानगी बाहेर गेलास." मी म्हणलं, हौ सर, गेलो. ते चुकलं, त्याची जी शिक्षा असंल ती द्या, पंधरा दिवस नळाची टाकी घासतो. ते म्हणाले, "आणि हे काय लिहिले आहेस? जातो लिहायचे असताना येतो? हा कोणता संकेत आहे?" मामा, मी आतापर्यंत हात मागं बांधून उभा होतो. मी म्हणलं, सर, एक विचारू काय. सुट्टी संपली की तुमी घरून निघता तवा बाईले काय म्हणून निघता? साहेबानं रजिस्टर जवळ ओढलं. मी म्हणलं, तुमी निघता तवा येतो म्हणता ना? मग निघून जाता ना? बाई त्याचा अर्थ विचारते काय, वहीत लिहिते काय? ऑफिसातला चपराशी एकदम खिडकीकडं वळला अन् त्याले बाहेर काही तरी फार महत्त्वाचं दिसायले लागलं. साहेबानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, "तो विषय वेगळा आहे." मी म्हणलं, नाई सर, तोच आहे. तुमी एकटे म्हणता, आमी पस्तीस जण म्हणतो.

तिथंच बिघडलं. मी थांबलो असतो तं टाकी घासून सुटलो असतो, अमरबी तेच म्हणते. साहेबाचं म्हणणं आहे की आता माफीनामा पायजे, त्यात असं लिहायचं की फाटकावरचा तो निरोप मी चालू केला, तो गैर आहे, अन् यापुढं मी तो म्हणणार नाई अन् म्हणू देणार नाई. खाली पालकाची सही. मामा, मी भिंत ओलांडून गेलो असतो, चोरी केली असती, पत्रूभाऊची दाळ फेकून दिली असती (ती कोण चोरंल म्हणा), तं पायावर डोकं ठेवलं असतं. पण जे आपल्या तलावावर आजा म्हणत होता, बाबा म्हणतात, ते गैर आहे असं मी माझ्या हातानं लिहू? माझं एकदा तोंड बंद राह्यलं तं एक पोरगा कॉलेज सोडून बसला होता. आता लेखी बंद करू? मी नाई करणार. त्यांनी खाट काढून फेकली तं मी वऱ्हांड्यात गादी टाकीन, त्या पोट्ट्याच्या शेजारी, मोरीजवळ. तिथूनबी वऱ्हांड्यातून फाटक दिसते अन् माझा आवाज पोचते.

तुमाले हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की साहेबाचं पत्र वाचून तुमी घाबरू नये. तुमी यायची काही गरज नाई. मी कोणाले भेत नाई. माझं मी पाहून घेईन. मामीले सांगा दम्याचं औषध पाण्यासोबत घ्यायचं असते, चहासोबत नाई. गुडघ्याले तेल लावत राहा.

तुमचा कागदावरचा पोरगा,
इस्तारी

ता. क. : सोमवारी अकरा वाजेपर्यंत या. तुमच्या गावावरून जाते ती सकाळची पहिलीच गाडी पकडा. ग्रामपंचायतीच्या सभेले घालता ती टोपी घालून या, अन् शर्टाची वरची गुंडी लावा.

आणखी एक : तुमची ती सवय. कंडक्टरनं सुट्टे मागितले तरी तुमी 'चुकलं साहेब' म्हणता. रस्त्यात म्हैस आडवी आली तं म्हशीलेबी म्हणता, मी ऐकलं आहे. रेक्टरसाहेबाच्या ऑफिसात तो शब्द काढू नका. ते काहीबी म्हणले तरी 'पोरगा रजा न घेता गेला, त्याची शिक्षा करा, बाकीच्यावर सही होणार नाई' एवढंच म्हणा अन् खाली बसा. गुडघा दुखला तरी बसा. निघताना त्यांना 'येतो' म्हणा, ते काय करतात ते मले पाहायचं आहे. माझ्या बाजूनं लालसूबी बोलणार आहे, तीन दिवसांपासून तो एक वाक्य पाठ करून राह्यला.

अजून एक, हे मामीले वाचून दाखवू नका : वर मी लिहिलं ना, मी कोणाले भेत नाई, ते खोटं आहे. दिवाळीत बाबाचं अन् माझं वाजलं होतं. ते म्हणे दोन वर्षं झाली शिकून, मी एकटा किती दिवस पाण्यात उतरू, डोंग्याले दुसरा माणूस पायजे. मीबी उलट बोललो, जे बोलायले नको ते बोललो. मी निघालो त्या सकाळी बाबा छातीभर पाण्यात शिंगाडे तोडत होते, पाठ माझ्याकडं. मी पाळीवर थांबून विचारलं, शिंगाडे झाले काय. बाबाले ऐकू गेलं होतं, त्यांचा हात थांबला होता. पण ते बोलले नाई. शेजारच्या डोंग्यातलं टोपलं काळ्या पिकल्या शिंगाड्यानं भरलं होतं. मी तसाच गाडीत बसलो. म्हणून लालसू जे म्हणला ते मले त्याच्या आधीपासून समजत होतं. म्हणून मी चौदा किलोमीटर गेलो.

तं मामा, खरं काम हे आहे. रविवारी सायकल काढून तलावावर जा. बाबाले माफीनाम्याचं सांगा की नका सांगू, तुमाले वाटंल तसं. पण पाळीवर उभं राहून माझ्या वतीनं एकदा विचारा. ते 'हिरवेच हायेत' म्हणले तं दर हिवाळ्यात आणता तसे उकडलेले शिंगाडे पिशवी भरून आणा, पस्तीस जणांले पुरतील एवढे, अमरलेबी समजू द्या ते झाडाले लागत नाई. काहीच नाई बोलले तं रिकाम्या हातानं या, मी रागावणार नाई, मग ऑफिसातबी जाऊ नका, मी पेटी बांधून ठेवतो, तुमच्यासंगंच वापस येऊन डोंग्यात बसीन. तुमाले तोंडानं काही सांगावं लागणार नाई. सोमवारी मी फाटकावर उभा राहीन अन् आधी तुमच्या हाताकडं पाहीन.